रोज एक देश : भूगोलाची दैनिक कोडी

भूगोलाची दैनिक कोडी हा इंटरनेटवरचा अलीकडचा खेळप्रकार. त्यांत एखाद्या देशाची आकृती, झेंडा, निर्यातीचा तक्ता किंवा रस्त्यावरचे छायाचित्र समोर येते आणि जागा ओळखायची असते. कोडे दिवसाला एकच असते, जगभरच्या सर्व खेळाडूंना तेच मिळते आणि प्रयत्न बहुधा मोजकेच असतात. हा साचा भूगोलाचा स्वतःचा नाही. जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर अभियंत्याने ‘वर्डल’ हे पाच अक्षरी इंग्रजी शब्दांचे कोडे ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुले केले. १ नोव्हेंबरला ते अवघे ९० जण खेळत होते. २ जानेवारी २०२२ रोजी तो आकडा तीन लाखांवर गेला आणि जानेवारी संपता संपता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खेळ विकत घेतला. या वाढीत मोठा वाटा होता तो निकाल रंगीत चौकोनांच्या रूपात इतरांना पाठवण्याच्या सोयीचा. कोडे किती अंदाजांत सुटले हे सांगता येते, पण उत्तर फुटत नाही. या युक्तीवर लगेच डझनावारी खेळ निघाले आणि त्यांत भूगोलाचे खेळ सर्वांत टिकाऊ ठरले.

कोडे बहुतेक ठिकाणी खेळाडूच्या स्थानिक मध्यरात्री बदलते. त्यामुळे न्यूझीलंडमधल्या खेळाडूला ते भारतातल्या खेळाडूच्या आधी मिळते आणि कॅलिफोर्नियात राहणाऱ्या नातलगाला पुण्यापेक्षा साडेबारा किंवा साडेतेरा तासांनी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी उत्तर लिहून टाकणाऱ्या काकांना तिकडे अजून आदलाच दिवस चालू आहे, हे समजावून सांगावे लागते. भूगोलाचा पहिला धडा इथेच होतो म्हणायला हरकत नाही.

खेळातून भूगोल ही कल्पना मात्र जुनी आहे. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ पिएर द्युव्हाल याने १६४५ मध्ये ‘जगाचा खेळ’ नावाचा फाशांचा पट छापला होता. सोंगटी एकेका देशावरून पुढे सरके. १७६० च्या दशकात लंडनमधला नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी लाकडावर युरोपचा नकाशा चिकटवून तो राज्यांच्या सीमांवरून कापून विकू लागला. मुलांनी तुकडे जुळवून देशांच्या जागा शिकाव्यात हा त्यामागचा हेतू, आणि आजचे जिगसॉ कोडे त्यातूनच आले. मराठी घरांत गावांच्या भेंड्या आणि ‘नाव, गाव, फळ, फूल’ होतेच, पण त्यांत गावाचे नाव माहीत असले की भागते, ते नकाशात कुठे आहे याच्याशी खेळाला कर्तव्य नसते. संगणकावर नकाशात बोट ठेवून देश ओळखण्याचा ‘सेटेरा’ हा स्वीडिश खेळ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. तो सरावाचा खेळ आहे, रोजच्या कोड्याचा नाही.

दैनिक खेळांत सर्वांत प्रसिद्ध आहे ‘वर्ल्डल’. आंत्वान तफ या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो जानेवारी २०२२ मध्ये आणला. पडद्यावर एका देशाची किंवा प्रदेशाची बाह्याकृती दिसते आणि सहा प्रयत्न मिळतात. प्रत्येक चुकीच्या अंदाजानंतर तीन गोष्टी कळतात : उत्तर किती किलोमीटर दूर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि आपण किती टक्के जवळ आलो. टक्क्यांचा हिशेब सोपा आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे पृष्ठभागावरची कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असू शकत नाहीत. ते अंतर म्हणजे शून्य टक्के आणि बरोबर उत्तर म्हणजे शंभर.

खेळाची सगळी गंमत या उत्तर देणाऱ्या चुकीत आहे. शाळेच्या परीक्षेत चुकीचे उत्तर नुसते चूक ठरते. इथे प्रत्येक चूक काहीतरी माहिती हाती देते. समजा, आकृती ओळखू आली नाही म्हणून खेळाडूने ‘भारत’ लिहिले आणि उत्तर आले : साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास, नैऋत्येला. अरबी समुद्र ओलांडून रेघ आफ्रिकेत उतरते, पण एवढ्यावरून देश ठरत नाही. दुसरा अंदाज ‘केनिया’; अंतर तीन हजारांच्या थोडे आत, दिशा पुन्हा दक्षिण-नैऋत्य. तिसरा ‘दक्षिण आफ्रिका’. उत्तर हजारभर किलोमीटर उत्तरेला. आता बोत्स्वाना, झिंबाब्वे असे दोन-तीनच देश उरतात आणि आकृतीकडे पुन्हा पाहिले की बोत्स्वाना दिसू लागतो. तीन ज्ञात ठिकाणांपासूनच्या अंतरांवरून चौथे ठिकाण शोधण्याची ही रीत जीपीएसच्याच तत्त्वावर चालते. खेळाडू तीच आडाख्याने वापरत असतो. म्हणून पहिला अंदाज कोणता घ्यावा यालाही महत्त्व येते. ज्याच्या आजूबाजूच्या जगाची अंतरे आपल्याला चांगली ठाऊक आहेत तो देश घ्यावा. भारतीय खेळाडूसाठी तो साहजिकच भारत असतो.

दोन फसव्या गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, सर्व आकृत्या एकाच चौकटीत बसवलेल्या असतात, त्यामुळे रशिया आणि सान मारिनो सारख्याच आकाराचे दिसतात. आकारमानाची जी जाण आपण नकाशावरून मिळवलेली असते ती इथे निरुपयोगी ठरते. तीही जाण फारशी विश्वासार्ह नसते हे वेगळे : १५६९ मध्ये मर्केटर या नकाशाकाराने तयार केलेल्या नकाशा-प्रक्षेपणावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. दुसरी गोष्ट, अंतर सीमेपासून नव्हे तर देशाच्या मध्याजवळच्या एका ठरावीक बिंदूपासून मोजले जाते. पेरू आणि चिली हे शेजारी देश, पण चिली सुमारे ४,३०० किलोमीटर लांब असल्यामुळे पेरूचा अंदाज केल्यास उत्तर तीन हजार किलोमीटरच्या जवळपास दूर असल्याचे कळते. नवखा खेळाडू मग दुसऱ्याच देशाच्या शोधात भरकटतो.

रोज एक आकृती पाहताना हळूहळू एक प्रश्न डोकावू लागतो : देश असे विचित्र आकाराचे का? इथे खेळ संपतो आणि खरा भूगोल, किंवा खरे तर इतिहास, सुरू होतो. गांबिया हा पश्चिम आफ्रिकेतला देश एका नदीच्या दोन्ही तीरांना धरून आत शिरलेल्या पट्टीसारखा आहे आणि समुद्राची बाजू सोडली तर बाकी सर्व बाजूंनी सेनेगल. नदी ब्रिटिशांच्या ताब्यात होती, आजूबाजूचा मुलूख फ्रेंचांच्या, आणि १८८९ मध्ये दोघांनी आपसांत रेघ आखली. नदीतल्या जहाजावरून तोफेचा गोळा जिथवर पोचला तिथवर सीमा, अशी दंतकथा सांगतात. ती खरी नाही, पण आकृतीला शोभणारी आहे.

नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून सुमारे ४५० किलोमीटर लांबीची एक निमुळती पट्टी पूर्वेकडे गेलेली दिसते. ती कॅप्रिव्ही पट्टी. १८९० च्या करारात जर्मनीने झांझिबारवरचा दावा सोडला आणि बदल्यात उत्तर समुद्रातले हेलिगोलँड बेट व आफ्रिकेतली ही पट्टी घेतली. तत्कालीन जर्मन चॅन्सेलर लिओ फॉन कॅप्रिव्ही यांच्यावरून तिला नाव पडले. पट्टीचा उद्देश झांबेझी नदीपर्यंत पोचून तिच्यातून हिंदी महासागर गाठण्याचा होता. नदीच्या पुढच्या वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे, हे त्या बेतात कुणाला आड आलेले दिसत नाही.

अफगाणिस्तानला तर चक्क शेपटीसारखा भाग आहे : वाखान. सुमारे ३५० किलोमीटर लांब, आणि अरुंद जागी जेमतेम १५ किलोमीटर रुंद. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थान आणि रशियन साम्राज्य मध्य आशियात समोरासमोर येत होते. दोघांच्या सरहद्दी एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये अफगाण मुलखाची ही चिंचोळी फट ठेवली गेली आणि १८९५ मध्ये पामीरमधली सीमा पक्की झाली. आज या पट्टीमुळेच अफगाणिस्तान आणि चीन शेजारी आहेत, शंभर किलोमीटरपेक्षाही कमी लांबीच्या सीमेपुरते.

सरळ रेषांच्या सीमाही अशाच बोलक्या असतात. इजिप्त आणि सुदान यांच्यातली १८९९ ची सीमा २२ व्या अक्षवृत्तावरून जाते. १९०२ मध्ये ब्रिटिशांनी कारभाराच्या सोयीसाठी दुसरी, वाकडी रेघ काढली. लाल समुद्रालगतचा हलाइब त्रिकोण दोघांनाही हवा आहे, म्हणून इजिप्त पहिली रेघ धरतो आणि सुदान दुसरी. परिणामी बीर ताविल हा सुमारे २,००० चौरस किलोमीटरचा वाळवंटी तुकडा दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. तो मागायचा तर हलाइबवरचा हक्क सोडावा लागेल. पृथ्वीवर मालक नसलेली वस्तीयोग्य जमीन म्हणून त्याचे नाव घेतले जाते, वस्तीयोग्य हा शब्द जरा सैलपणे वापरून.

कॅनडातील एब ट्रेन यांनी ‘वर्ल्डल’च्याच सुमारास आणलेल्या ‘ग्लोबल’ या खेळात आकृती नसतेच. फिरता गोल समोर असतो. खेळाडू कोणताही देश लिहितो आणि तो उत्तराच्या जितका जवळ तितक्या गडद लाल रंगात रंगतो. इथे अंतर सीमेपासून सीमेपर्यंत मोजतात, त्यामुळे शेजारी असल्यास ते शून्य येते. रशियाने सुरुवात करणे म्हणून फार उपयोगाचे नाही : त्याला चौदा शेजारी आहेत आणि निम्म्या जगाच्या तो जवळ आहे. ‘ट्रॅव्हल’ नावाच्या आणखी एका खेळात एका देशातून दुसऱ्या देशात जमिनीवरच्या सीमा ओलांडत कमीत कमी टप्प्यांनी जायचे असते. भारतातून नॉर्वेला जाताना मध्ये किती देश लागतील? बहुतेकांच्या मनात पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान अशी लांबलचक रांग उभी राहते. प्रत्यक्षात दोनच पुरतात, चीन आणि रशिया. जर्मनीला जायचे तर त्यांत पोलंडची भर घालावी, कारण कालिनिनग्राड हा रशियाचा तुटक तुकडा पोलंडला लागून आहे.

‘ट्रेडल’ हा सर्वांत अवघड आणि कदाचित सर्वांत उपयुक्त. देशांच्या व्यापाराची आकडेवारी मांडणाऱ्या ‘ऑब्झर्व्हेटरी ऑफ इकॉनॉमिक कॉम्प्लेक्सिटी’ या संकेतस्थळाने तो २०२२ मध्ये सुरू केला. एका देशाची निर्यात लहानमोठ्या रंगीत चौकोनांत दाखवलेली असते. चौकोन जितका मोठा तितका त्या मालाचा वाटा मोठा. जवळजवळ सगळा तक्ता हिऱ्यांनी व्यापला असेल तर बोत्स्वाना, तांब्याने व्यापला असेल तर झांबिया, कपड्यांनी तर बांगलादेश. कोको ठळक असेल तर कोत दि’व्हार किंवा घाना. इथवर पाठ्यपुस्तकातले ज्ञान पुरते. पण सोन्याचा मोठा चौकोन स्वित्झर्लंडचाही असतो. तिथे सोन्याच्या मोठ्या खाणी नाहीत, शुद्धीकरणाचे कारखाने आहेत. जगभरचे सोने तिथे येते आणि विटा होऊन बाहेर जाते. भारताचा तक्ताही अनेक भारतीयांना ओळखता येत नाही. मसाले, चहा, आंबे शोधणाऱ्याला समोर दिसते ते शुद्ध केलेले पेट्रोलियम, हिरे आणि औषधे. कच्चे तेल आयात करून जामनगरसारख्या ठिकाणी शुद्ध करायचे, कच्चे हिरे आणून सुरतेत पैलू पाडायचे आणि माल पुन्हा बाहेर पाठवायचा, हे आजच्या निर्यातीचे रूप आहे.

छायाचित्रांवरून जागा ओळखण्याच्या खेळांचा मूळपुरुष ‘जिओगेसर’. अँटन वॉलेन या स्वीडिश प्रोग्रॅमरने तो २०१३ मध्ये तयार केला. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधील एखाद्या रस्त्यावर खेळाडूला सोडले जाते आणि आपण कुठे आहोत ते त्याने नकाशावर दाखवायचे असते. पाच फेऱ्या, प्रत्येकी कमाल ५,००० गुण. रोज सर्वांसाठी एक समान आव्हानही असते. २०२३ मध्ये स्टॉकहोमला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तरबेज खेळाडू काही सेकंदांत देश सांगतात, तेव्हा पाहणाऱ्याला जादू वाटते, पण त्यामागे निरीक्षणाची शिस्त असते. सूर्य उत्तरेला दिसला तर बहुधा दक्षिण गोलार्ध. वाहने डावीकडून चालत असतील तर जगाचा मोठा भाग एकदम वगळता येतो. विजेच्या खांबांची घडण, रस्त्याच्या कडेचे खुंट, दुभाजक रेषांचा रंग, मातीचा लालसरपणा, सगळे पुरावेच. काही खुणांचा तर भूगोलाशी संबंधही नसतो : केनियात गूगलच्या गाडीला हवा ओढणारी उभी नळी होती आणि ती चित्रांत दिसते, म्हणून नळी दिसली की केनिया. ही हातचलाखी आहे, ज्ञान नव्हे, अशी तक्रार काही जण करतात आणि ती अगदीच चुकीची नाही.

या खेळात भारत बरीच वर्षे जवळजवळ अदृश्य होता. सुरक्षेच्या कारणावरून २०१६ मध्ये भारताने स्ट्रीट व्ह्यूला परवानगी नाकारली होती. २०२१ मध्ये नकाशांच्या माहितीबाबतचे नियम सैल झाले आणि जुलै २०२२ मध्ये जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांच्या भागीदारीत सेवा दहा शहरांत सुरू झाली. त्या दहांतली चार महाराष्ट्रातली होती : मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. भारतातला रस्ता समोर आला की मराठी वाचकाची बाजू वरचढ असते. देवनागरी पाटी पाहून परदेशी खेळाडू उत्तर भारतात किंवा नेपाळात शोधत राहतो; पाटीवर ‘ळ’ दिसला की मराठी माणसाला महाराष्ट्र किंवा गोव्याचा वास येतो. दुकानांच्या पाट्या मराठीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात, या नियमाचाही इथे अनपेक्षित फायदा होतो. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता, हेही भारतात कुठेही कामाला येते.

हे खेळ मनातला नकाशा दुरुस्त करतात, आणि तो बहुतेकांचा वाकडाच असतो. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की यांनी १९८१ मध्ये दाखवले की माणसे आठवणीत भूखंड सरळ ओळीत बसवून टाकतात : दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या बरोबर खाली आहे असे मानतात. खरे पाहता चिलीची राजधानी सँटियागो मायामीच्या पूर्वेला आहे, जरी ती पॅसिफिकच्या बाजूची. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर गोंदिया आणि चेन्नई जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, आणि नागपूर बंगळूरच्या पूर्वेला आहे. विदर्भ ‘मधला’ आणि चेन्नई ‘पूर्व किनाऱ्यावरची’ अशी विभागणी डोक्यात पक्की असली की हे पटत नाही, नकाशा काढून पाहावा लागतो. अंतर आणि दिशा सांगणारा खेळ नेमक्या अशाच समजुतींवर बोट ठेवतो.

स्मरणाच्या दृष्टीनेही पद्धत योग्य आहे. हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतः आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. आठवून पाहण्याचा ताणच स्मृती घट्ट करतो आणि थोड्या थोड्या अंतराने केलेला सराव एका बैठकीपेक्षा टिकतो. पण दिवसाला एक देश या वेगाने तोच देश पुन्हा समोर यायला कित्येक महिने लागू शकतात. परीक्षेसाठी जगाचा नकाशा पाठ करायचा असेल तर ‘सेटेरा’च बरा. शिवाय देशाचे स्थान कळले म्हणजे देश कळला असे होत नाही. नद्या, पाऊस, पिके, माणसांची वस्ती यांना या खेळांत फारसे स्थान नाही.

राहिला प्रश्न देश कोणते मानायचे हा. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३ सदस्य आहेत, शिवाय व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन निरीक्षक. तैवान आणि कोसोव्हो यांचे काय, हे प्रत्येक खेळ आपापल्या परीने ठरवतो. ‘वर्ल्डल’मध्ये तर निर्जन बेटेही येतात आणि भलेभले खेळाडू सहा प्रयत्न संपवून बसतात. नावेही बदलत राहतात : स्वाझीलंड २०१८ मध्ये एस्वातिनी झाला, मॅसिडोनिया २०१९ मध्ये उत्तर मॅसिडोनिया. भारतीय खेळाडूंना सर्वांत खटकते ती भारताचीच आकृती. अनेक खेळ व संकेतस्थळे ‘नॅचरल अर्थ’सारखी मुक्त नकाशामाहिती वापरतात, आणि तिच्या मूळ संचात सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे काढलेल्या असतात, त्यामुळे जम्मू-काश्मीर आणि लडाखचा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नाही. भारतात तसा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. वेगवेगळ्या देशांच्या अधिकृत भूमिकेप्रमाणे आखलेले सीमासंचही ‘नॅचरल अर्थ’कडे मिळतात आणि त्यांत भारताचाही आहे, त्यांतला कोणता वापरायचा हे खेळ बनवणाराच ठरवतो.